बोट थांबते तेवढ्यात

आम्ही कात्रजहून बोलतोय, आमच्या बचत गटांच्या वतीनं. आजची गोष्ट समुद्राची आहे. कात्रजला कुठला आलाय समुद्र, असं तुम्ही म्हणाल. समुद्र नाही, पण थांबा आहे. थांब्याची आम्हाला जन्माची सवय आहे.

सातारा, कोल्हापूर, बंगळूरकडे जाणारी गाडी कात्रज चौकात थांबते ती पाच मिनिटं. तेवढ्यात खाली उतरायचं, बाटली भरून घ्यायची, पोराला बाजूला न्यायचं आणि कंडक्टरनं दोरी ओढायच्या आत जागेवर बसायचं. आमच्यातल्या काही जणी तिथे काकडी, शेंगा, उकडलेली कणसं विकून संसार चालवत आल्यात. पाच मिनिटांत काय होतं आणि काय होत नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून आम्हाला वाटायचं, थोडक्या वेळाचा थांबा आखणं म्हणजे हातचा मळ. हा समज समुद्रानं मोडला.

डिसेंबर २०२४ चा पहिला रविवार. गटाला दहा वर्षं झाली म्हणून चौदा जणी सहलीला निघालो. कात्रजहून अलिबागला रस्त्यानं सरळ जाता येतं, पण आमच्यातल्या अकरा जणींनी बोट फक्त टीव्हीत पाहिलेली. म्हणून ठरलं, मुंबईपर्यंत गाडी, तिथून लाँचनं मांडवा, तिथून अलिबाग, कुलाबा किल्ला पाहायचा आणि संध्याकाळच्या लाँचनं परत. पैसे गोळा केले, डबे वाटून घेतले, साड्यांचा रंगसुद्धा ठरवला. तिथी मात्र कुणी पाहिली नाही.

अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. समोर किल्ला, आणि किल्ल्याच्या चहूबाजूंनी पाणी. ओहोटीला इथून चालत जाता येतं असं ऐकून आलो होतो. आम्हाला वाटलं, थांबू अर्धा तास, ओसरेल. मैत्रिणींनो, आमच्या कात्रजच्या पाण्याची गोष्ट वेगळी. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी आमच्या इथे बंधारा घातला आणि तलावाचं पाणी जमिनीखालच्या बंद नळातून पुण्यातल्या हौदांपर्यंत नेलं. ते पाणी उतारानं एकाच दिशेला जायचं. समुद्राचं पाणी येतं आणि जातं, आणि त्याच्या येण्याजाण्याला वेळ असते, हे आमच्या ध्यानातच नव्हतं.

अडीच वाजेपर्यंत आम्ही वाळूत बसून राहिलो. मग घाईघाईनं डबे उघडले, एकीची चप्पल हरवली, दोघी खरेदीला गेल्या त्या सापडेनात. मांडव्याच्या धक्क्यावर पोचलो तर ही रांग! आलेल्या लाँचमध्ये उभं राहायलाही जागा दिसेना. कुणीतरी म्हणालं, "या या, दाटीवाटीनं बसा, तासाभराचाच तर प्रश्न आहे." आम्ही पाय उचललासुद्धा. तेवढ्यात आमच्यातल्या मावशींनी सगळ्यात पुढच्या बाईचा पदर धरला आणि म्हणाल्या, "नाही चढायचं. कुणीच नाही."

मावशींचं माहेर रेवसजवळचं. लग्न होऊन कात्रजला आल्या त्याला चाळीस वर्षं झाली. एरवी बैठकीत कोपऱ्यात बसून सही करणारी बाई. त्या दिवशी त्यांचा आवाज असा होता, की आम्ही चौदाही जणी मागे सरलो. पुढच्या बोटीनं निघालो आणि घरी पोचेतो पहाटेचे तीन वाजले. दुसऱ्या दिवशी दोन घरांतून निरोप आला, आमची सून यापुढे गटाच्या सहलीला येणार नाही. मीटिंगचं पुढचं पुढे बघू.

इथे आम्हाला खरी किंमत कळली. पुरुषाची बोट चुकली तर रात्र जाते. बाईची बोट चुकली तर पुढची सहल जाते, आणि कधी कधी गटही जातो. त्यामुळे थांबा नीट आखणं ही आपल्यासाठी हौसेची बाब नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही मावशींना विचारलं, तुम्ही का अडवलंत? त्यांनी जे सांगितलं ते आईकडून ऐकलेलं होतं. मग आम्ही गटातल्या शिकलेल्या पोरींना कामाला लावून वाचून काढलं. ते तुमच्यापुढे ठेवतो.

आज कोकणात एसटी जाते, रेल्वे जाते. पण कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ मध्ये. त्याआधी शंभर वर्षांहून जास्त काळ मुंबईहून कोकणात जायची मोठी वाट म्हणजे समुद्र. आगबोट, म्हणजे वाफेवर चालणारी बोट, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटायची. हा धक्का बांधणारे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांना लोक भाऊ म्हणत, म्हणून भाऊचा धक्का. आगबोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत पणजीपर्यंत जायची. गिरणीत कामाला गेलेला चाकरमानी याच बोटीनं शिमग्याला घरी यायचा, मे महिन्यात बायकामुलांना भेटून परत जायचा. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद. मग चार महिने मनिऑर्डर आणि पत्र एवढीच गाठ.

या बोटीचा थांबा कसा असायचा ते ऐका. बहुतेक बंदरांत आगबोट काठाला लागायचीच नाही. पाणी उथळ, म्हणून ती खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडाव निघायचे. पडाव म्हणजे मोठी होडी. उतरणारी माणसं बोटीतून पडावात, चढणारी पडावातून बोटीत, मध्ये लाटा हिंदकळतायत, कडेवर पोर, डोक्यावर बोचकं. पडावातून उतरल्यावरही पुष्कळ ठिकाणी गुडघाभर पाण्यातून चालत काठ गाठायचा. बोट थांबायची ती थोडा वेळ. तेवढ्यात माणसं, टपाल, आंब्याच्या पेट्या, सगळं वरखाली व्हायचं. भोंगा झाला की संपलं.

मग ज्या बाईला मुंबईला नवऱ्याकडे कुळथाचं पीठ, आमसुलं, फणसपोळी पाठवायची, ती काय करायची? बोट आल्यावर बांधाबांध करायला वेळ कुठला? ती आदल्या दिवशीच गाठोडं शिवून ठेवायची. कुणाच्या हाती द्यायचं, धक्क्यावर घ्यायला कोण येईल, हे आधी ठरलेलं असायचं. बोट थांबायची थोडा वेळ, पण त्या थोड्या वेळाची तयारी दोन दिवसांची असायची. आमच्या पहिल्या सहलीत नेमकं याच्या उलट झालं. दिवसभराचा वेळ होता आणि तयारी साडीच्या रंगाची!

आता मावशींनी आम्हाला का अडवलं ते.

या किनाऱ्यावर बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन ही मोठी कंपनी बोटी चालवायची. तिच्यासमोर स्वदेशीच्या काळात आपल्या लोकांनी सहकाराच्या नावानं दुसरी कंपनी उभी केली. कोकणातली माणसं तिला जिव्हाळ्यानं 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिच्या बोटींना संतांची नावं होती. तुकाराम, रामदास अशी. बोट आपली, नाव संताचं, मग भीती कसली? पण समुद्र नाव विचारत नाही. नोव्हेंबर १९२७ मध्ये 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या.

त्यानंतर वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ ची सकाळ. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं. आषाढ संपत आलेला, अमावास्या टेकलेली, म्हणजे उधाणाचे दिवस, त्यात भर पावसाळा. 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. अमावास्येसाठी गावी चाललेली माणसं, सातशेच्या आसपास. रेवस म्हणजे दीड तासाची वाट. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटांनी बोट कलली, माणसं घाबरून एका बाजूला धावली, आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त जीव गेले.

बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. कित्येक तास मुंबईत कुणाला पत्ताच नव्हता. जे वाचले त्यांत बरेच जण रेवसच्या कोळ्यांमुळे वाचले. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी आपली मासळी समुद्रात ओतली आणि होड्यांत माणसं भरली, असं तिकडे अजून सांगतात. मावशींच्या आईनं ते दिवस लहानपणी पाहिलेले. माहेरी एक नियमच होता. बोट भरलेली दिसली तर पाय मागे घ्यायचा, मग घरी कुणी वाट बघत असो नाहीतर नसो.

आमची ही बैठक झाली आणि थोड्याच दिवसांत, १८ डिसेंबर २०२४ ला, बातमी आली. गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट धडकली. १५ माणसं गेली. आमच्या घराघरांतून एकच सूर निघाला, आता बोटीचं नाव काढू नका.

खरं तर विषय इथेच संपला असता. सहल नाही झाली म्हणून कुणाचं काय अडतं? पण मावशी म्हणाल्या, "भिऊन घरी बसलो तर आपण काय शिकलो? कोळणी काय समुद्रात जात नाहीत? वेळ बघून जातात." आम्ही ठरवलं, पुन्हा जायचं, पण आधी सगळं कागदावर. आणि तो कागद घेऊन ज्या दोन घरांतून नकार आला होता, तिथे जायचं.

मावशींनी पहिला धडा दिला तो भरतीओहोटीचा. पंचांग आपल्या सगळ्यांच्या घरात असतं, म्हणून नीट ऐका. ज्या दिवशी जायचं त्या दिवसाची तिथी घ्या. तिची पाऊणपट करा. येईल त्या वाजेच्या सुमारास भरती पूर्ण. त्याच्या साधारण सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी पूर्ण. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती, नऊला ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी अकरा-बाराच्या दरम्यान पाणी भरलेलं, तेही उधाणाचं. आमचा तो डिसेंबरचा रविवार कार्तिकातल्या अमावास्येचा होता! पाणी ओसरायची वाट बघत आम्ही अडीचपर्यंत बसलो, ते ओसरून वाट मोकळी व्हायला संध्याकाळच उजाडली असती. हा हिशोब अंदाजाचा आहे. किनाऱ्यावर गेल्यावर तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही. पण घरून निघताना दिवस निवडायला तो पुरतो.

आम्ही फाल्गुन शुद्ध षष्ठी निवडली, ५ मार्च २०२५, बुधवार. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे सकाळी साडेदहाच्या आसपास ओहोटी. बुधवार म्हणजे गर्दीही कमी.

मग मावशींनी दुसरा धडा दिला. आखणी पुढून करायची नाही, मागून करायची. सकाळी कधी निघायचं हे शेवटी. आधी रात्री घरी किती वाजता पोचायचं ते लिहा. आम्ही लिहिलं, दहा. तिथून मागे मोजत आलो. मुंबईहून कात्रज चार तास, वाटेतल्या खोळंब्याला एक तास. बोटीचा तास. सुटण्याआधी एक तास धक्क्यावर. अलिबाग ते मांडवा वीसेक किलोमीटर, त्याला एक तास. मागे मोजत गेल्यावर कळलं, अलिबागेत आपल्या हातात चार तास आहेत, दिवस नाही. चार तासांत किल्ला, जेवण आणि खरेदी. समाधी, बाग, दुसरा किनारा, सगळं कागदावरून खोडलं. खोडताना जीव हळहळला, पण खोडलं.

यावेळी लाँचऐवजी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो घेतली. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. गाडी पोटात घालून नेणारी मोठी बोट, तासाभरात पलीकडे. जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही तिकीट आधीच काढलं. चढल्याबरोबर जीवरक्षक जाकिटं कुठे आहेत ते विचारलं. दोन-दोन जणींच्या जोड्या लावल्या. जोडीदारणीशिवाय कुणी कुठे जायचं नाही, शौचालयालासुद्धा. एकीकडे घड्याळ, एकीकडे पैसे, एकीकडे औषधं. आणि एक ठराव लिहून सगळ्यांनी सह्या केल्या: बोट किंवा गाडी भरलेली वाटली तर कुणीही एक जण 'नाही' म्हणू शकते, आणि बाकीच्यांनी तिला कारण विचारायचं नाही.

हा कागद घेऊन आम्ही त्या दोन घरी गेलो. एका सासूबाईंनी तो दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "दहाला घरी म्हणजे दहाला." त्यांची सून आली. दुसऱ्या घरून नकारच आला. तेही सांगायला हवं.

त्या बोटीत बसल्यावर मावशी कठड्याला धरून उभ्या होत्या. 'रामदास' याच पाण्यातून चालली होती. आम्ही कुणी बोललो नाही.

दहाच्या पुढे अलिबागला पोचलो, तेव्हा किल्ल्यापर्यंत ओली वाळू आणि पावलं भिजतील एवढंच पाणी. स्थानिक माणसाला विचारलं, तो म्हणाला, साडेअकराच्या आत बाहेर या. शिवाजी महाराजांनी शेवटच्या दिवसांत, १६८० मध्ये, हा किल्ला बांधायला घेतला. पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथून समुद्रावर हुकमत चालवली. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा लागे. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, तरी किल्ला पडला नाही. भरतीच्या वेळी पाणीच त्याचा पहारेकरी. आत आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, आणि खाऱ्या समुद्राच्या मध्ये गोड्या पाण्याचा तलाव आहे. आमच्यातल्या बायकांनी तलावापाशी सर्वात जास्त वेळ घालवला. पाणी भरणाऱ्या बाईला त्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. सव्वाअकराला घड्याळवालीनं हाक मारली आणि आम्ही निघालो. मागे वळून पाहिलं तर आमची पावलं उठलेल्या वाळूवर पाणी चढायला लागलं होतं.

जेवण झाल्यावर कांद्याच्या बायका भेटल्या. अलिबागचा पांढरा कांदा, भौगोलिक मानांकन मिळालेला. त्यांनी वेण्या घालून माळा तयार ठेवलेल्या. भाव आधीच सांगितलेला, सुटे पैसे कमरेला, पिशवी हाताशी. पाच मिनिटांत आम्ही चौदा माळा घेतल्या. आमच्यातल्या शेंगावाल्या ताई म्हणाल्या, "या आपल्याच जातीच्या." त्यांना म्हणायचं होतं, थांब्यावर जगणाऱ्या.

मैत्रिणींनो, थांबा दोघांचा असतो. बोटीतल्यांचा आणि काठावरच्यांचाही. आता मोठ्या क्रूझ बोटी पुन्हा याच किनाऱ्यावरून जातात. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली होती, नाव पुन्हा आंग्र्यांचंच. गोव्यात मुरगाव बंदराला क्रूझ लागते, आणि तिथून पणजी तीसेक किलोमीटर. लाखाचं तिकीट काढलेल्या प्रवाशालाही तोच हिशोब करावा लागतो: परत चढायची वेळ कोणती, तिथून मागे मोजत आपल्या हातात किती तास. उशीर झाला तर जहाज थांबत नाही. पुढचं बंदर आपल्या खर्चानं गाठायचं.

आणि काठावरच्या बायका? जिथे एकेकाळी आगबोट थांबायची त्या वेंगुर्ल्याला, मांडवी खाडीत, 'स्वामिनी' या महिला बचत गटानं २०१७ पासून कांदळवनाची सफर सुरू केली. मासे विकणाऱ्या बायका स्वतः वल्ही मारून पाहुण्यांना खाडी दाखवतात. आगबोटीचा भोंगा बंद झाला, पण तिथल्या बायकांनी थांबा परत आणला, तोही आपल्या हातात ठेवून.

आम्ही त्या रात्री पावणेदहाला कात्रज चौकात उतरलो. सासूबाई दारात उभ्या होत्या, सुनेच्या हातातून कांद्याची माळ घेतली आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला पण न्या." ज्या घरून नकार आला होता, तिथे आम्ही एक माळ दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. सोबत तो कागदही ठेवून आलो.

तुमच्याही गटाची सहल ठरत असेल. पंढरपूरची असो, गणपतीपुळ्याची असो, नाहीतर नुसती तालुक्याच्या बाजाराची. साडीचा रंग खुशाल ठरवा, पण आधी परतीची वेळ लिहा. समुद्र असेल तर तिथी पाहा. आणि त्या कागदावर एक ओळ नक्की घाला: आमच्यातली कुणीही एक 'नाही' म्हणू शकते. आमच्या मावशींना ती ओळ लिहिता येत नव्हती. त्यांनी ती पदर धरून सांगितली.